पंख्याच्या भरवशावर

ती घटना आजही माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हा भोर-वेल्हे भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. गुंजवण्याकडची एक प्रवासी जीप चढावर टेम्पोला ओलांडायला गेली आणि मध्येच तिचा दम संपला. समोरून एसटी आली, म्हणून चालकाने जीप चरात घातली. आतल्या एका आजींचा हात मोडला.

चालक एकच सांगत होता, "साहेब, म्या पेलो नव्हतो. इंजिनाला इलेक्ट्रिक सुपरचार्जर बसवलाय, त्येच्या भरवशावर गाडी काढली." ठाण्यातले सगळे हसले. वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नाही, पण गावाने त्याला दारुडा आणि थापाड्या ठरवून टाकले होते. त्याच्या जीपमध्ये कोणी बसेना, आणि घर तर जीपवरच चालत होते.

मी बॉनेट उघडायला लावले. हवेच्या पाइपात तळहाताएवढा प्लास्टिकचा पंखा होता. मोटार वाहन निरीक्षकांनी कपाळाला हात लावला. "खरा इलेक्ट्रिक सुपरचार्जर असतो, तो इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवतो," ते म्हणाले. "काही कंपन्या तो कारखान्यातच बसवतात, त्याला वीजही भरपूर लागते. हे खेळणं आहे. जोरात चाललेलं इंजिन याच्यापेक्षा जास्त हवा स्वतःच ओढतं. उलट याचा अडथळाच."

बातमी पसरल्यावर सारोळ्याच्या एका टेम्पोवाल्याचा फोन आला, "माज्याबी गाडीत त्योच पंखा हाय. शिवऱ्याच्या गाळ्यावर बसवला."

जीपवाल्याचा पंखाही त्याच गॅरेजातला निघाला. गाळेवाल्याला चौकशीला बोलावले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणे. "साहेब, पंखा बसवायच्या आधी आणि नंतर एकाच चढावर गाडी फिरवून दाखवतो. फरक पडला की नाही, त्यांनाच विचारा." विचारले. जीपवाला आणि टेम्पोवाला दोघांनीही कबूल केले, नंतर गाडी खरंच हलकी पळाली. तपास तिथेच अडला. पण या माणसाला मी सोडणार नव्हतो. दोघांचे जबाब पुन्हा घेतले, अगदी बारीकसारीक.

"मानूस वाईट न्हाई, साहेब," जीपवाला म्हणाला. "घरच्या समद्यांना बसवून च्या पाजला."

"कधी?"

"पंखा बसवल्यावर. म्या आन् त्यो, आमी दोगंच चक्कर मारायला गेलो तवा."

"आणि आधीच्या चकरेला गाडीत कोण कोण होतं?"

"समदीच की. बायको, पोरं, आय, भाऊ..." बोटं मोजता मोजता तो म्हणाला, "म्हंजी पंखा बसवल्यावर गाडी रिकामीच व्हती!"

टेम्पोवाल्याची पोतीही पंखा बसवताना अशीच 'अडचण नको' म्हणून उतरवली होती.

मला संताप आला. जीप दुरुस्त होताच गाळेवाल्याला आणि जीपवाल्याच्या घरच्यांना चकरेच्या त्याच चढावर नेले. "आता चहा नको. सगळे आत बसा." पंचांसमक्ष भरलेली जीप पंख्यासह चढवली, मग पंखा काढून चढवली. दोन्ही वेळा सारखीच रखडली. गाळेवाल्याने मान खाली घातली आणि कबुली दिली.

त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. जीपवाल्यावरचा निष्काळजीपणाचा गुन्हाही कायम ठेवला. तो कुरकुरला नाही. "चूक माजीच. पर म्या खोटं बोलत न्हवतो, येवढं गावात येऊन सांगा."

त्या तपासाने मला एक शिकवले. माणूस स्वतःच्या अनुभवावर शंका घेत नाही, आणि पक्का फसवणारा नेमका तोच अनुभव घडवून देतो. पुढे कोणत्याही साक्षीदाराला मी "तेव्हा आणखी काय बदललं होतं?" हे विचारल्याशिवाय सोडले नाही.

गावात गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितले. तेवढ्यात प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेल्या त्या आजी पुढे येऊन जीपवाल्यापाशी थांबल्या.

"पंखा काडला का रं?"

"पोलिसांनी नेला, आजी."

"मंग मला येल्ह्याला न्हे, हात दावायचाय. आन् हळू हाक."

आजी पुढच्या सीटवर बसल्या. मग एकेक करून जीपच्या मागच्या सीटही भरल्या.