सासूबाईंचा खराटा

टोकावड्याच्या अलीकडे आमची आंब्याची बाग आहे. ती सासूबाईंनी लावली, डोक्यावरून हंडे वाहून जगवली, आणि सासरे गेल्यावर त्या तिथेच दिवस काढू लागल्या. सकाळी उठून झाडांखालचं पान न् पान खराट्यानं लोटायचं. घरचं अंगण एकवेळ राहील, बाग नाही. लोटलेला पाला आणि कापलेलं गवत भाताच्या वाफ्यावर पसरून जाळायचं, म्हणजे राब भाजायचा. रोपं त्याच राखेत पेरायची. सासूबाईंची बाग स्वच्छ म्हणून पार वैशाखरे गावच्या बायका नावाजायच्या. मिरवायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मी तालुक्याला शेतीच्या प्रशिक्षणाला जाऊन आले आणि शहाणी झाले. मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना कोळी आणि ढालकिडे खातात, त्यांना राहायला झाडाखाली गवत लागतं, म्हणून एक ओळ कापायची आणि एक राखायची, हे मी ओट्यावर बसून त्यांना समजावलं.

"गवतात जनावर लपंल गो," त्या म्हणाल्या. "नि राबाला काय जालू? तुजं कागद?"

मी हसले. खरं तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

माघात, मोहोर भरात असताना, मी दोन दिवस माहेरी शहापूरला गेले. परत येते तो मी राखलेल्या ओळी साफ. सगळं गवत वाफ्यावर पेटलेलं आणि सासूबाई खराट्यानं कडेचा पाला आत सारत होत्या. माझे कोळी त्यात जळत होते.

कामाला आलेल्या तीन बायकांच्या देखत मी त्यांच्या हातातला खराटा हिसकावला आणि त्याच आगीत फेकला.

"पुन्हा बागेत पाय ठेवलात तर बघा," मी ओरडले. "तुमची अक्कल चुलीपाशी चालवा."

बायका खाली बघू लागल्या. सासूबाई घराकडे निघाल्या. आणि मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण त्या घटकेला फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी गवत गुडघाभर राखलं, राबाला रानातून पाला आणला. झाडांवर कोळ्यांची जाळी दिसू लागली, तुडतुडे इतके कमी की फवारणीची वेळच आली नाही. आंबा भरपूर धरला. म्हणजे मी बरोबर होते, आणि तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण पहिला पिकलेला आंबा मी सासूबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"खा. तुमच्या हातात बाग असती तर हा दिसला नसता."

त्यांनी तो न खाता नातीला दिला. त्यांना बागेत बोलवायचं माझ्या मनात यायचं, पण जीभ उचलायची नाही.

यंदा मी एकटीच ओळ कापत होते. वर बघितलं तर सासूबाई कुंपणापलीकडे उभ्या. कधीपासून होत्या कोण जाणे.

"येव का गो आत? झाडं बघून जाते."

"या की, आई," मी म्हणाले.

त्या आत आल्या, पहिल्याच झाडापाशी थांबल्या. मग माझ्याकडे वळून दोन्ही रिकामे हात पुढे करून दाखवले.

"काय नाय आणलं," त्या म्हणाल्या.