खिडकीतली कुंडी

आमच्या गावात एकही लग्न भांडणाशिवाय पार पडलेलं नाही, पण एकाही लग्नाच्या फिल्ममध्ये भांडण सापडणार नाही. याचं श्रेय फोकसचं. हे नाव त्याला इतकं चिकटलं होतं की खरं नाव सांगताना त्याची बायकोही क्षणभर थांबायची. मांडवात दोन काकांनी खुर्चीवरून एकमेकांची कॉलर धरली की फोकसचा कॅमेरा अलगद उठायचा आणि फुलांवर जाऊन थांबायचा. आवाज तो मुळातच बंद ठेवायचा, कारण नंतर वरून गाणी घालायची असत. भांडण बघायला कोण लग्नाची फिल्म लावतं, असं त्याचं म्हणणं. त्या काकांपैकी एक तर आता छातीठोकपणे सांगतो की तसं काही झालंच नव्हतं.

आमच्या वॉर्डाचे सदस्य वारले आणि पोटनिवडणूक लागली. एकीकडे त्यांचा मुलगा, दुसरीकडे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. फोकसचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, वायरमन होता. तो मोजणीच्या टेबलावर नर्सबाईंचा प्रतिनिधी म्हणून बसणार होता. सरळमार्गी पोरगा. त्याला वीज मंडळात नोकरी लागायच्या बेतात होती आणि बहिणीने ते गल्लीभर सांगूनही झालं होतं.

मोजणी शाळेच्या सभागृहात होती. आम्हा बातमीदारांना मात्र सायकलींच्या शेडमध्ये, जाळीच्या दाराआड कोंडलं. वर चहा पाजला. मी भांडलो, तेव्हा निवडणूक अधिकारी गोड हसून म्हणाले की आत सरकारी कॅमेरा चालू आहे, नंतर हवं तितकं बघा. सरकारी कॅमेरा म्हणजे आमचा फोकस. गावात दुसरा कॅमेरावाला होताच कुठे? मला हायसं वाटलं. आपण नाही तर नाही, आपला माणूस तरी आत आहे.

दुपारी आतून आरडाओरडा ऐकू आला. जाळीला नाक लावूनही काही दिसेना. थोड्या वेळाने पोलिसांनी वायरमनला बाहेर आणलं. शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. आम्हाला बघून तो ओरडला, "आमचा गठ्ठा त्यांच्या ढिगात सरकवला! मी हात धरला तर मलाच मारलं. दाजींनी सगळं घेतलंय, त्यांना विचारा!"

संध्याकाळी नर्सबाई थोडक्यात हरल्याचं जाहीर झालं. वायरमनवर मोजणी कर्मचाऱ्याला मारहाण केल्याचा आणि मतपत्रिका हिसकावल्याचा गुन्हा दाखल झाला. फोकस कॅमेरा पोटाशी धरून भिंतीला टेकला होता. मी विचारलं तर तो कॅमेरा पिशवीत भरू लागला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला सन्मानाने आत बोलावलं, खुर्च्या दिल्या आणि फिल्म दाखवली. चित्र अगदी स्वच्छ होतं. टेबलं, हात, गठ्ठे. मग वायरमन अर्धवट उठतो, त्याचा हात पुढे जातो, आणि चित्र हळूच, सफाईने, वर सरकतं. खिडकी. खिडकीत कुंडी. कुंडीत लाल फुलं. बराच वेळ ती फुलं वाऱ्यावर हलत राहिली. आवाज नव्हताच. चित्र परत खाली आलं तेव्हा वायरमनला दोन पोलिसांनी धरलं होतं.

अधिकारी म्हणाले, चित्रीकरण उत्तम झालंय. मला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

गाव म्हणालं, फोकस विकला गेला. मी त्याला ओळखतो, तो विकला गेला नव्हता. जित्याची खोड, दुसरं काय. पण घरी बायकोने त्याला जे विचारलं ते त्यानेच मला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तिथेच होतात ना?"

"होतो. हात आपोआप गेला गं."

"विकले गेला असतात तर निदान मी तुम्हाला शिव्या तरी दिल्या असत्या."

कोर्टात फोकसने शपथेवर सांगितलं की मोजणी कर्मचाऱ्याला गठ्ठा सरकवताना त्याने डोळ्यांनी पाहिलं, पहिला हातही समोरच्यानेच उचलला. वकिलाने शांतपणे विचारलं, मग कॅमेऱ्यात फुलं कशी? फोकसने खरं ते सांगितलं: लग्नात भांडण लागलं की आम्ही कॅमेरा वळवतो, साहेब. सगळं कोर्ट हसलं. आरोपीच्या दाजीच्या जबानीवर पुराव्याइतका विश्वास कोण ठेवणार?

वायरमनला शिक्षा झाली. नोकरीचं तर नावच संपलं. त्याला गाडीकडे नेताना बहीण त्याच्या हाताला लोंबकळली, पोलिसांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, आणि ती तिथेच पायरीवर बसून मोठ्याने रडू लागली. मी तिला सावरायला गेलो. नवरा हाताच्या अंतरावर होता. मी त्याला हाक मारली. त्याने ऐकलं नाही. त्याची मान वळलेली होती आणि तो फाटकाजवळच्या झाडाकडे एकटक बघत होता.