कडेचं बेअरिंग

दारावरचा लाल दिवा विझला तशी रिम्मा सावेल्येव्ना बर्चच्या काठीचा तुकडा घेऊन यंत्राच्या दालनात शिरली. प्रोटॉनचा झोत बंद होता, पण यंत्रातला पंखा अजून फिरत होता. काठीचं एक टोक तिने त्याच्या कवचाला टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. चौतीस वर्षं ती असंच ऐकत आली होती. चांगलं बेअरिंग गव्हाच्या पोत्यात हात फिरवल्यासारखं सळसळतं. हे मात्र झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखं वाजत होतं.

बाहेर वेनेरा खुर्चीतून उठून गाल चोळत होती. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला साचा नुकताच काढला होता आणि त्याच्या जाळीचे वळ अजून कातडीवर होते.

"काय म्हणतोय पंखा, रिम्मा मावशी?"

"म्हणतोय, कझानच्या ट्रामवाल्या बायकांची बडबड फार झाली."

"त्याला सांगा, अकरा बैठका झाल्या. नऊ राहिल्या. मग त्याची सुटका आणि माझीही."

रिम्मा हसली नाही. वेनेराची गाठ कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांना चिकटून होती. तिथवर चाकू पोचत नाही. प्रोटॉन पोचतात आणि ठरल्या खोलीवर जाऊन आपली सगळी ताकद टाकून थांबतात. वीस बैठका हव्यात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मध्येच सोडलं तर गाठ पुन्हा डोकं काढते, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा एवढा मारा करता येत नाही. वीस म्हणजे वीसच.

रिम्मा मूळची इवानोवोची. तिथल्या सूतगिरणीत चात्यांची बेअरिंगं बदलता बदलता तिचा कान तयार झाला. सत्ताविसाव्या वर्षी ती व्होल्गाकाठच्या या संस्थेत आली, ती पंखा सांभाळायलाच. पंखा जोडायला तिच्याबरोबर अर्काडी होता. वर्षाच्या आत त्यांनी लग्न केलं. पुढे नदीपलीकडे प्रोटॉन गोल कड्यात फिरवणारं मोठं यंत्र उभं राहिलं आणि अर्काडी तिकडे गेला. आधी नोकरीला, मग राहायला. रिम्माच्या वाट्याला दोन खोल्या आल्या, गावाबाहेर बटाट्याचा एक वाफा आला आणि हे यंत्र आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना उशीर होता. खुर्चीत बसल्या बसल्या वेनेराने विचारलं, "मावशी, खरं सांगा, आत होतं तरी काय? डॉक्टरीणबाई सांगतात तेव्हा मी नुसती मान हलवते."

"तुला रूळ कळतात ना? मग ऐक. मधोमध प्रोटॉन सुटतात. मोठा मॅग्नेट त्यांना नुसता वळवतो, वेग देत नाही."

"म्हणजे रुळासारखा. रूळ वळवतो, पुढे ढकलते ती मोटार."

"शाब्बास. ढकलायचं काम मधल्या फटीतली वीज करते. अर्ध्या फेरीला एक धक्का. वेग वाढला की फेरा मोठा होतो, त्यामुळे फेरी पुरी करायला वेळ तेवढाच लागतो."

"म्हणजे वेळापत्रक एकच?"

"सायक्लोट्रॉन म्हणतात त्या साध्या यंत्रात एकच ठेका, कायम. पण आम्हाला हवा असतो इतका वेग आला की प्रोटॉन जड होतो. फटीशी उशिरा पोचतो, तोवर धक्का येऊन गेलेला."

"चाळिशीत माझंही तेच झालंय."

"म्हणून पंखा लागतो. तो फिरतो तसतसा धक्क्यांचा ठेका मंद होत जातो. एक घोळका मधून निघतो आणि कडेपर्यंत जातो. मग ठेका पुन्हा पहिल्यासारखा जलद, पुढचा घोळका. सेकंदाला शंभर."

"आणि नदीपलीकडचं मोठं यंत्र?"

"तिथे फेरा मोठा होतच नाही. एकच कडं. वेग वाढेल तसा मॅग्नेट आवळत न्यायचा आणि ठेका जलद करत न्यायचा. आमच्या बरोबर उलट."

"मग तुमचं बिघडलंच, तर मला तिकडे न्या की!"

"तिकडे तुझ्या मापाचा झोत नाही आणि खुर्चीही नाही. नवऱ्यांची मात्र सोय आहे."

वेनेरा इतकी हसली की नर्स डोकावून ओरडली, "अहो बाई, हलू नका! माप घ्यायचंय!"

बाराव्या बैठकीनंतर रिम्मा मुख्य अभियंत्यांच्या खोलीत गेली. व्लादलेन इगोरेविच सहा महिन्यांपूर्वीच रेडिओच्या कारखान्यातून आला होता. सभ्य माणूस, पण घाईचा.

"आतलं बेअरिंग घासतंय. आठ बैठका निघणार नाहीत."

"मग बदला ना, रिम्मा सावेल्येव्ना. भांडारात आहेत की."

"कुठे आहेत?"

"हे काय विचारणं झालं? तुम्हीच लिहिलंय!" त्याने पाळीची वही उघडून तिच्यापुढे सरकवली. तिचंच अक्षर होतं: 'पंख्याला कडेचं बेअरिंग बसवलं. रि. सा.' "कडेचं, म्हणजे बाहेरच्या बाजूचं. आतल्या बाजूचं शिल्लक आहे, असं धरून मी डॉक्टरांच्या कागदावर सही केली."

रिम्मा खुर्चीवर बसली.

या यंत्रावरची माणसं 'शेवटचं' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. वैमानिक काढत नाहीत, तसेच हेही. शेवटची पाळी ही कडेची पाळी, आणि बाटलीतला शेवटचा पेलाही कडेचा. कुणाच्या तोंडून चुकून निघालंच तर बाकीचे टेबलाच्या लाकडावर टकटक करत. अर्काडी घर सोडून गेला तेव्हासुद्धा तिने शेजारणीला सांगितलं होतं, 'कडेची पेटी घेऊन गेला.'

"व्लादलेन इगोरेविच, कडेचं म्हणजे... त्यानंतर नाही. भांडार रिकामं आहे."

त्याने वहीतली ती ओळ पुन्हा वाचली.

"शेवटचं?"

तिचा हात आपोआप टेबलाच्या कडेकडे गेला. तिने तो मागे घेतला.

"मग शेवटचं असंच लिहायचं ना, बाई!" तो ओरडला आणि लगेच त्याचा आवाज खाली आला. "पाच नवे रोगी घेतलेत मी. पाच. चूक माझीही आहे. भांडारात जाऊन बघायला काय झालं होतं मला?"

"इथल्या कुणालाही कळलं असतं," रिम्मा म्हणाली आणि पुढे हळूच, "पण लिहिताना मी तुमचा विचार केला नाही."

देश फुटल्यापासून बेअरिंगं बनवणारा कारखाना परक्या देशात होता आणि तिथला फोन कोणी उचलत नव्हतं. रिम्माने पंखा निम्म्या गतीवर आणला. त्यामुळे घोळके निम्मे येऊ लागले आणि दहा मिनिटांच्या बैठकीला वीस मिनिटं लागू लागली. साच्यात चेहरा आवळून वीस मिनिटं न हलता बसायचं.

"ट्राम का रेंगाळतेय?" वेनेराने विचारलं.

"रूळ निसरडे आहेत," रिम्मा म्हणाली. खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही.

तेरावी निघाली, चौदावी निघाली. पंधराव्या बैठकीच्या दिवशी गोठलेली नदी चालत ओलांडून ती अर्काडीकडे गेली. सात वर्षांनी. त्याने कपाटं उपसली, खोकी उलटी केली.

"हे बघ, माप जवळपास तेच आहे."

"यात वंगण आहे. पंखा निर्वातात फिरतो, तिथे ते उकळेल आणि सगळ्या यंत्राला राप धरेल."

"मग नाही गं माझ्याकडे तुझ्या उपयोगाचं काही."

"ते माहीत होतं," ती म्हणाली. "तरी आले."

सोळावी निघाली. सतराव्या बैठकीत, अकराव्या मिनिटाला, भिंतीपलीकडून खर्रकन आवाज आला. दिवे एकदा मंद झाले. आतलं बेअरिंग जाम होऊन दांडा वाकला होता आणि पंख्याची पाती एकमेकांत घुसली होती.

डॉक्टरीणबाई रोग्याला 'तांत्रिक कारण' एवढंच सांगणार होत्या. रिम्माने त्यांना थांबवलं. ती वेनेराच्या खोलीत गेली, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली आणि वहीतल्या ओळीपासून निसरड्या रुळांपर्यंत सगळं सांगितलं.

वेनेराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधीच कळलं असतं तर?"

"तर तुला दुसऱ्या शहरात पाठवलं असतं. तिथे असंच एक आहे. रांग मोठी आहे, पण उपचार पहिल्यापासून तिथे झाले असते. आता तिथले डॉक्टर म्हणतात, उरलेल्या साडेतीन देऊ, पण सात आठवड्यांनी. इतक्या खंडानंतर..."

"एका शब्दापायी."

"हो."

"आणि चार दिवस मला रुळांच्या गोष्टी सांगत होतात."

"हो."

वेनेराने बॅग पुढ्यात ओढली आणि स्वेटरच्या घड्या घालायला घेतल्या. एकाच स्वेटरची घडी तिने तीनदा घातली. "मला राग यायला हवा, मावशी. पण आज अंगात तेवढा जीव नाही. घरी गेल्यावर येईल."

"आला की लिही."

"लिहीन. स्टेशनवर येऊ नका."

रिम्मा गेली नाही. बाहेरच्या बाकावर उरलेले चार रोगी आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. व्लादलेन इगोरेविच त्यांच्यासमोर उभा होता आणि त्याला सुरुवात सापडत नव्हती. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनेच बोलायला सुरुवात केली.

मे महिन्यात कझानहून पाकीट आलं. अक्षर गोल, शाळेच्या फळ्यावरचं वाटावं असं. सुरुवातीलाच लिहिलं होतं: 'मी वेनेराची बहीण. तिला आता कागदावरचं दिसत नाही. ती सांगते, मी लिहिते, आणि तिने बजावलंय की एक शब्दही गाळायचा नाही.' पुढे अडीच पानं राग होता. शिव्याही होत्या, त्याही त्याच सुबक अक्षरात.

रिम्माने पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.