सिक्वेन्स मोठा की कलर?

मित्रहो, आज मी माझ्या मेहुण्याला, शेखरला, चोर म्हणालो.

दुपारी आम्ही ऑनलाइन पोकर खेळत होतो. तो खडकीत, मी धायरीत. दहा रुपयांचं टेबल. सलग चार डाव हरलो, मग दोन जिंकलो आणि शेवटी हातात सिक्वेन्स आला, ओळीनं पाच पत्ते. होतं नव्हतं ते सगळं लावलं. शेखरकडे नुसता कलर, पाच बदाम. तरीही ॲपनं डाव त्यालाच दिला!

लगेच फोन लावला आणि फसवणुकीवर दहा मिनिटं त्याला झोडपलं. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, ही तीन पत्ती नाही. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर असतो."

नियम उघडले. त्याचं बरोबर होतं. उभा जन्म तीन पत्ती खेळलेला मी नियम न वाचताच बसलो होतो, आणि व्यासपीठावरून लोकांना सांगतो, आधी वाचा, मग बोला!

बायको, म्हणजे शेखरची बहीण, म्हणाली, "अहो, माफी मागताय ना? की आधी भाषण लिहून काढणार?"

कोणत्याही विषयावर मी तासभर बोलू शकतो. पण 'चुकलो' हा एक शब्द दोन तास झाले तोंडातून निघत नाही, याचीच चीड येते आहे. तुम्ही मेहुण्यासमोर तो कसा उच्चारता हो?