उतरणीची वाट

चढायची वाट एक आणि उतरायची दुसरी, असं डोंगरावर का असतं, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलं आहे का? हौसेने फिरणारा म्हणेल, तीच झाडं दोनदा पाहण्याचा कंटाळा येऊ नये म्हणून. गडब या आमच्या गावामागच्या डोंगराला मात्र ही गोल वाट कुणाच्या करमणुकीसाठी मिळालेली नाही. गावाकडची बाजू उभी, आखूड, सुट्या दगडांची. ती रिकाम्या हातांनी चढायची. पलीकडची लांब, सावकाश, सागाच्या पाल्यावरून वळणं घेत खाली येणारी; ती डोक्यावर मोळी घेऊन उतरायची. बायकांच्या मानांनी आणि गुडघ्यांनी आखलेलं हे वर्तुळ आहे.

फाल्गुनातल्या एका सकाळी सुमनकाकीबरोबर मी निघाले. काकीच्या घरी गॅस आहे, पण पावसाळ्यात अंघोळीचं पाणी आणि तांदळाची भाकरी तिच्या चुलीवरच होते, आणि त्यासाठी वाळून पडलेली लाकडं आतापासूनच जमवावी लागतात. सागाने पानं टाकलेली, त्यामुळे पावलागणिक पापड मोडल्यासारखा आवाज. ऐनाच्या झाडांच्या मगरीच्या पाठीसारख्या सालीवर तिरकं ऊन पडलेलं, आणि मध्येच कुठून तरी करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा वास येई, इतका कोवळा की त्या कोरड्या, धुळकट हवेत तो परका वाटावा. वाटेत वेचलेल्या लाकडांची मोळी काकीने माथ्यावर रानवेलाने बांधली, आणि तिथल्या काळ्या कातळावर आम्ही टेकलो. खाली मिठागरांचे चौकोन चकाकत होते, त्यांच्यापलीकडे खाडीची मळकट रेघ, आणि अलीकडे महामार्गावरचे ट्रक मुंग्यांसारखे एकामागे एक. काकी गुडघा चोळत म्हणाली, "आता उतार हाय गो. आता सुख."

सुख वळणापलीकडे संपलं. त्या उतारावरची जमीन एका फार्महाऊसवाल्याने घेतली आहे. त्याने तारेचं कुंपण घातलं आणि आमच्या वाटेत हिरवं लोखंडी फाटक बसवलं. वर पाटी: 'पाहुण्यांसाठी जंगलफेरी'. आजवर फाटक उघडं असायचं. त्या दिवशी त्याला साखळी होती, आणि साखळीपलीकडे खुर्ची टाकून बसलेला दिनेश, शेजारच्या गावचा, काकीच्या माहेरच्या नात्यातला.

"काकी, मोळी घेऊन नाय जायचं आता," तो उठून, पण नजर चुकवत म्हणाला. "मोकळ्या हाती जा. कोन नाय अडवनार."

"मोकळ्या हाती? मी काय डोंगरावर हवा खायला आलते?"

"शेटची ऑर्डर हाय. पावन्यांच्या फोटोत मोळी येते, म्हनतात."

"मग पावन्यांना सांग, डोळे मिटून फोटो काढा," काकी म्हणाली. "तुझी आयशी याच वाटेनं लाकडं न्यायची रे. त्या लाकडांवर शिजलेलं खाऊन तू वॉचमन झालास."

"म्हाईत हाय. माझी नोकरी हाय, काकी. वर कॅमेरा हाय, बघ."

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. गुलाबी, पिवळ्या पातळ कागदांवरची, शाईचा वास येणारी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असलेली. अक्षरं मी त्यांच्यातूनच ओळखायला शिकले, त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या तोंडात आधी घोषणा येते. तिथेही आली. वहिवाट, हक्क, जंगल कुणाचं, सगळं मी त्या साखळीवर ओतलं. दिनेश खाली मान घालून ऐकत राहिला. माझा एकही शब्द खोटा नव्हता, आणि एकाही शब्दाने साखळीची कडी हलली नाही. काकीच्या डोक्यावर मोळी तशीच होती.

तेवढ्यात खालून पाहुण्यांचा घोळका आला. टोप्या, काठ्या, हसणं, उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीमचा गोडसर वास. दिनेशने साखळी काढली. "हॅलो आजी," म्हणत ते एकेक करून आमच्या बाजूने वर गेले. वाईट नव्हते कुणीच. एकाने तर काकीला वाकून नमस्कार केला. फक्त ही बाई ओझं घेऊन इथे का उभी आहे, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. फाटक पुन्हा लागलं.

मग दिनेश अगदी हळू म्हणाला, "त्यांतल्या एकानं जरी सांगितलं असतं ना, तर मी सोडलं असतं. पावन्यांचा शब्द मोडायचा नाय, ही पन ऑर्डरच हाय."

काकीने डोक्यावरची मोळी सावरली आणि पाठ फिरवली. आम्ही परत कातळावर चढलो आणि उभ्या वाटेने उतरायला लागलो. अर्ध्यावर तिचा गुडघा लटपटला. मी मोळी माझ्या डोक्यावर मागितली, ती देईना. शेवटी तिने ती खाली ढकलून दिली. मोळी उताराला लागली, दगडावर आपटून तिचा वेल तुटला आणि लाकडं पाल्यात चहूकडे उधळली. काकी बसून, हातांनी जमीन धरत, घसरत घसरत खाली आली. तिच्या लुगड्याला मागे लाल माती लागलेली होती. निम्मी लाकडं आम्ही वेचली. निम्मी तिथेच राहिली.

पंचायतीत आमचा अर्ज आहे. मी आणखी करीन, भांडेन, पत्रकंही छापीन. पण काकीच्या गुडघ्यांना निकालापर्यंत थांबता येणार नाही, आणि पाऊस येण्याआधी तिला अजून कितीतरी मोळ्या आणायच्या आहेत. आपल्याच वाटेवरून जाण्यासाठी अनोळखी माणसाची शिफारस मागावी लागते, याची मला विलक्षण चीड येते. तरीही मागते.

तुम्ही सुट्टीत इकडे याल. जरूर या, जंगल सुंदर आहे. पण ते हिरवं फाटक तुमच्यासाठी उघडेल तेव्हा लगेच पुढे जाऊ नका. उघड्या फाटकात उभे राहा, वर बघा, आणि एखादी बाई मोळी घेऊन थांबलेली दिसली, तर वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात एवढंच म्हणा: आधी यांना जाऊ द्या.