स्कोअरर काकांचा नियम

स्कोअरर काका कधीही टाळी वाजवत नसत. समोर कुणी कितीही अफलातून झेल घेऊ दे, काकांची मान खाली आणि पेन्सिल चालू. "टाळ्या वाजवायला हजार माणसं येतात. लिहायला एकच असतो," असं ते म्हणत. तरुणपणी नागपुरात क्लब क्रिकेटचे सामने त्यांनी वर्षानुवर्षं लिहिले होते. अमेरिकेत, एडिसन गावी औषधांच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते बेसबॉलकडे वळले, आणि तेही आजच्या नाही, एकोणिसाव्या शतकातल्या.

एमएस करायला आले तेव्हा मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. माझे बाबा सोलापुरात कामगारांसाठी पत्रकं लिहीत, त्यामुळे आवाज न चढवता खरं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. काका मला 'पत्रकवाली' म्हणत.

वर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांच्या प्रती पसरलेल्या असत. बेसबॉल नुकताच पगारी खेळ झाला, त्या काळात मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू निवडायची पद्धतच नव्हती. ती निवड आता, इतक्या वर्षांनी करायची, असं काही हौशी मंडळींनी ठरवलं होतं. एकेक मोसम घ्यायचा, तेव्हाच्या बातम्या वाचायच्या, महिन्यातून एका शनिवारी व्हिडिओवर भांडायचं आणि मत द्यायचं.

"मेलेल्यांना बक्षिसं वाटतायत," काकू मला सांगायच्या. "जिवंत बायकोनं कोथिंबीर सांगितली, ती राहिली."

"लिहून कुठे दिली होतीस?" काका मान वर न करता म्हणायचे.

लिहिण्याची त्यांची शिस्त बघून मंडळींनी नियम करायचं काम त्यांच्यावरच सोपवलं होतं. त्यातला मुख्य नियम असा: संघाच्या निम्म्याहून कमी सामने खेळलेल्याचं नाव मतपत्रिकेवर येणार नाही. "चार दिवस चमकणारे पुष्कळ असतात. मोल टिकणाऱ्याचं," काका म्हणाले. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं, हे इथे कबूल करायला हवं.

मग एका मोसमात त्यांना तो कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक, सापडला. काळा माणूस. हातमोज्याशिवाय, उघड्या हातांनी सुसाट चेंडू अडवायचा. बातमीदार त्याच्या नावानं रकाने भरत होते. आणि मोसम निम्मा व्हायच्या आतच ते नाव गायब. बोट मोडलं असेल म्हणून काका तीन आठवडे दुखापतीची बातमी शोधत राहिले. शेवटी एका लहान गावच्या पेपरात चार ओळी मिळाल्या. संघातल्या गोऱ्यांनी त्याच्याबरोबर खेळायला नकार दिला, मालकानं त्याला काढून टाकलं.

"काका, काळ्यांना बाहेर ठेवत होते हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"इतिहास म्हणून माहीत होतं गं. पण माझ्या कागदावर तो फक्त गैरहजर होता." त्या चार ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "का गैरहजर, याला मी रकानाच ठेवला नाही."

नियमानं त्याचं नाव मतपत्रिकेवर येत नव्हतं; अपवाद करावा म्हणून त्यांनी मंडळींपुढे विषय मांडायचं ठरवलं. मी त्यांना जळजळीत भाषण लिहून दिलं. त्यांनी त्यातली निम्मी वाक्यं खोडली. "तुझं सगळं खरं आहे, पत्रकवाली. पण ओरडलं की लोक आवाजाबद्दल बोलतात."

शनिवारी मी त्यांच्या शेजारी बसले होते. अध्यक्ष एक निवृत्त शिक्षक होते, अतिशय सौम्य. ते म्हणाले, "तुमच्याच नियमानं आपण आजाऱ्यांना, जखमींना वगळलंय. आता एकाला सवलत दिली तर यादीला अर्थ काय राहिला?"

"ते आजारी पडले होते. याला काढलं."

"आकडे तर सारखेच दिसतात."

"दिसतात, कारण मांडणी माझी आहे," काका म्हणाले.

मतं घेतली. काकांच्या बाजूनं एकच पडलं, त्यांचं स्वतःचं. बाबांच्या पत्रकांत जुलमी माणूस पहिल्या ओळीत ओळखू यायचा. इथे सगळे सभ्य होते. एकानं तर निरोप घेताना काकांच्या गुडघ्याची चौकशी केली.

त्यानंतर त्यांनी पेन्सिल हातात धरली नाही. काकूच पेपरच्या प्रती त्यांच्यासमोर नेऊन ठेवायच्या. "अहो, बघा ना जरा." ते खिडकीकडे बघत बसायचे. एकदाच मला म्हणाले, "त्याला काढायला तेव्हा अख्खा संघ लागला होता. मी एका ओळीत काढला." मी वाद घातला, खूप घातला. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

पुढे यादी संकेतस्थळावर आली. खाली लिहिलं होतं की नियम काकांनी केले, त्यांचे आभार. नाव काढून टाका, असं काकांनी कळवलं. तुमच्या नम्रतेचं कौतुक वाटतं, असं उत्तर आलं. त्यांनी पुन्हा कळवलं. तोवर हिवाळा लागला होता, आणि त्याच हिवाळ्यात ते गेले.

मग मी अध्यक्षांना लिहिलं. काका गेल्याचं सांगितलं, ते नाव त्यांना का नको होतं तेही स्पष्ट लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. सर्वांना फार दुःख झालं होतं. काकांचं नाव त्यांनी खालून काढून सर्वांत वर, ठळक अक्षरांत घातलं होतं. अख्खी यादी त्यांच्या स्मृतीला अर्पण.

"काय म्हणतात गं ह्यांची माणसं?" काकूंनी विचारलं.

"काकांना कधीच विसरणार नाही म्हणतात."

काकूंनी डोळे पुसले आणि हात जोडले. मी जे सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं.