शिरोळहून परत आणलेलं चित्र

मागच्या लेखात माझ्या हातून दोन चुका झाल्या. शिरोळला जायचं तर जयसिंगपुरात गाडी बदलावी लागते, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. कोल्हापूरहून कुरुंदवाडला जाणारी एस.टी. थेट शिरोळवरून जाते. त्या वेळी आम्हीच चुकीच्या गाडीत बसलो होतो. माझ्यावर भरवसा ठेवून कुणी जयसिंगपूरच्या स्टँडवर ताटकळलं असेल, तर मला वाईट वाटतं. दुसरी चूक शेवटच्या वाक्यात आहे. 'आणि असं ते चित्र पूर्ण झालं,' असं मी लिहिलं होतं. ते चित्र आत्ता माझ्यासमोर भिंतीला टेकून उभं आहे, आणि ते पूर्ण झालेलं नाही.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझे वडील कोल्हापुरात फोटोवरून तैलचित्रं करून देतात. मला त्यांनीच घरी शिकवलं. चित्रकलेच्या शाळेत मी गेले नाही. फोटो काळापांढरा असतो, म्हणून रंग विचारायला माणसाच्या घरी जावं लागतं. लुगडं कुठल्या रंगाचं, नथीतला खडा कसला, अंगाचा रंग उजळ की सावळा. दिवाळीनंतर आम्ही त्यासाठीच शिरोळला आदगोंडा पाटलांकडे गेलो होतो. चित्र त्यांच्या वारलेल्या आईचं, अव्वांचं. आमच्याकडे कामाची वाटणी ठरलेली आहे. लुगडं, दागिने, हात आणि मागचा पडदा माझा. चेहरा बाबांचा, आणि सगळ्यात शेवटी डोळे, तेही बाबांचेच. मी आजवर कुणाचेही डोळे रंगवलेले नाहीत.

चित्र वाळलं. पोचवायचा दिवस ठरला आणि आदल्या संध्याकाळी बाबांच्या कमरेत उसण भरली. आई म्हणाली, पुढच्या आठवड्यात जा. बाबा म्हणाले, "पाटलांना शब्द दिलाय. ही जाईल." मी एकटी कधी कागलच्या पुढे गेले नव्हते. कागलला मावशी राहते, म्हणून तेही जाणं एकटीचं धरू नये.

सकाळची गाडी बरी. तिकीट तीन रुपयांच्या आत आहे. जाताना डावीकडची खिडकी धरली तर ऊन लागत नाही. मात्र गळिताच्या हंगामात वेळेचा हिशेब सैल ठेवा. हातकणंगल्यापासून पुढे उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात आणि ड्रायव्हर त्यांच्यामागून बैलाच्या चालीने जातो. मी चित्र जुन्या चादरीत बांधून दोन बाकांच्या मधे उभं धरलं होतं. एका खड्ड्यात गाडी आदळली, गाठ सुटली आणि चादर घसरून अव्वा साऱ्या गाडीला दिसू लागल्या.

मागच्या बाकावरचे एक फेटेवाले शेजारच्याला म्हणाले, "पावणं, सरका की जरा. म्हातारी कवाधरनं हुबी हाय."

कंडक्टर म्हणाला, "बसू द्या. पर तिकीट काढाय लागंल."

"फुल का हाफ?"

"कमरंपतोर हाय न्हवं? मग हाफ."

सगळे हसले, मीही हसले. मग फेटेवाल्यांनी विचारलं, "कुणी काढलंय वो?" मी म्हणाले, "बाबांनी." हे उत्तर मी विचार न करता देते. घरी पाहुणे आले तरी आई सांगते, ही वडिलांना मदत करते. ते खोटं नाही. पण त्या चित्रातल्या हातांवर मी आठ-दहा दिवस घालवले होते. फोटोत उजव्या हाताची करंगळी जराशी वाकडी दिसत होती. तो फोटोतला दोष असेल, सरळ करावी की तशीच ठेवावी, या विचारात माझं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी तशीच ठेवली. फेटेवाले चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "ब्येस हाय," आणि मी पुन्हा चादर बांधली.

शिरोळच्या स्टँडपासून पाटलांचं घर चालत जाण्याजोगं आहे. वाटेत गुऱ्हाळ लागतं. तिथे थांबून गरम गूळ मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. मी थांबले नाही. चित्र कधी एकदा हातातून जातं असं झालं होतं.

घराच्या पुढच्या सोप्यावर खिळा आधीच मारून ठेवला होता. चित्र टांगल्यावर घरातले सगळे जमले. आदगोंडा पाटील, पन्नाशीचे, आडव्या अंगाचे गृहस्थ, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अव्वाच की." त्यांच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात आतून एक ठेंगणी म्हातारी आली. पाटलांची मावशी. तिकडे कन्नड मुलूख जवळ, म्हणून तिला सगळे चिकव्वा, म्हणजे मावशीच, म्हणतात. मागच्या खेपेला ती घरी नव्हती. ती उंबऱ्यापाशी उजेडात थांबली आणि मला तिचे डोळे दिसले. घारे होते. उसाच्या ताज्या रसात चिमूटभर राख मिसळावी तसा रंग. मी चित्राकडे पाहिलं. तिथे काळेभोर डोळे होते.

"अव्वांचे डोळे यांच्यासारखे होते का?" मी विचारलं.

पाटलांनी चिकव्वाकडे पाहिलं. मग पाटील म्हणाले, "व्हय, घारीच हुती अव्वा. पर ऱ्हाऊ द्या. काळं बी झ्याक दिसत्यात."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या वडलांनी इचारलंच न्हाय. लुगड्याचं इचारलं, नथीचं इचारलं."

खरंच होतं ते. बाबा डोळ्यांचा रंग कुणालाच विचारत नाहीत.

चिकव्वा म्हणाली, "सासरला घारी घारी करून लई चिडवायची तिला. म्हणून तर फोटूला मान खाली घातली तिनं."

हे ऐकून माझी आणखीच पंचाईत झाली. "मग अव्वांना तरी ते डोळे चित्रात आवडले असते का?"

"तिचं आवडायचं सपलं आता. मला बघायचीया ती."

"मग आरशात बघ की, चिकव्वा," पाटील म्हणाले.

"आरशात मी दिसतो, मुडद्या. ती कुठं दिसती?"

चिकव्वा माझ्याकडे वळली. "रंग आणलायस न्हवं? मग काढ की हितंच."

"डोळे बाबा काढतात."

"मग तू काय काढलंस?"

"लुगडं, दागिने. हात."

ती चित्राच्या अगदी जवळ गेली. "करंगळी," ती म्हणाली. "जात्यात चेंगरली हुती तिची, पोरपणी. आदगोंडा, बघ की." मग मला म्हणाली, "हात आलं तर डोळं यायला काय झालं? मंगळवारी कवळीचं माप द्यायला कोल्हापूरला येतो मी. तुझ्यापुढं बसतो. बघून काढ."

"तू गप बसणार, चिकव्वा?" पाटील म्हणाले. "तोंडात कवळी बसंल तवा बसशील."

तरी मी चित्र परत नेते म्हणाले, तेव्हा त्यांनीच ते उतरवलं. दिवस मावळायच्या आत त्या घरातली जेवणं होतात, त्यामुळे मलाही भाकरी, घेवड्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि दही पोटभर खाऊन संध्याकाळची गाडी मिळाली. शिरोळला कुणाकडे जाणार असाल तर घरून डबा नेऊ नका, लोकांना राग येतो.

घरी बाबा अंथरुणातूनच म्हणाले, "परत पाठवलं?"

"नाही. मी आणलं."

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाटील राहू द्या म्हणत होते ना? मग?" मी चित्र आत नेऊन भिंतीला टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्रांच्या खोलीत गेले. गिऱ्हाइकाची वाट पाहणारी दोन चित्रं तिथे आहेत, एक वकील आणि एक हेडमास्तरीणबाई. मी दोघांचे फक्त डोळे पाहिले. मग अव्वांचे. तेच डोळे. लहानपणी मला वाटायचं की बाबा ज्यांची चित्रं काढतात ती सगळी आपल्या नात्यातली माणसं आहेत. असं का वाटायचं ते त्या सकाळी कळलं, आणि ते बाबांना विचारावं की नको, यात माझा अख्खा दिवस गेला.

संध्याकाळी विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला हेच डोळे येतात. माझ्या वडिलांनी स्वतःच्या आईच्या चित्रावर मला ते गिरवायला लावले. हे डोळे मी कधी चुकत नाही, म्हणून लोक येतात." मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "माणूस समोर बसवून काढायचे असतील तर तू काढ. मी नाही. पण मग खाली माझी सही नको. झाकून टाक."

हे त्यांनी कसं म्हटलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आवाज नेहमीचाच होता. मी तेव्हापासून भिते आहे, आणि दोन्ही बाजूंनी. डोळे फसले तर बाबांनी केलेला तो चांगला चेहराही जाईल, आणि पाटलांना मी काय तोंड दाखवू? साधले, तर मग यापुढे या घरात डोळे कुणी काढायचे? आजवर मला काम जमेल का, एवढीच काळजी असे. जमलं तर कुणाचं काय जाईल, ही काळजी नवी आहे आणि ती मी शिरोळहून घेऊन आले.

कुणी म्हणेल, गिऱ्हाईक खूश होतं, कशाला ओढवून घेतलंस. मीही स्वतःला हेच म्हणून पाहिलं. पण आता चित्रासमोर बसले की मला लुगडं दिसत नाही, हात दिसत नाहीत. दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे दिसतात.

वाळलेल्या रंगावर नवा रंग चढवायचा, तेवढं मला येतं. खोलीत उजेड चांगला येतो तो सकाळी, आणि चिकव्वा दाताच्या दवाखान्यातून थेट इकडे येणार आहे. मंगळवारी ती यायच्या आधी मी बाबांची सही झाकेन. ती आली की डोळे.